मिरचीचा तिखटपणा कुठे असतो?

आमची धाकटी सून बेळगावकडची. लग्न होऊन आली आणि आठच दिवसांत घरात मिरचीवरून बोलाचाली झाली. तिने आमटीला आठ सुक्या मिरच्या वाटून घातल्या. माहेरी ती तेवढ्याच घालायची. पण आमच्याकडे पहिल्या घासालाच सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. नातू रडत पानावरून उठला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हात फार सैल आहे बाई तुझा." सून काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी डब्यातली मिरची बाहेर काढली. सून म्हणाली, "मामंजी, आमच्याकडं अशी मिरची नसते. ती लांब असते आणि अंगावर सुरकुत्या असतात." मी काय ते समजलो. तिने मिरच्या मोजल्या, पण मिरचीची जात निराळी होती. आमच्या डब्यात होती लवंगी. तिच्या माहेरी होती ब्याडगी.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मिरच्या नुसत्या मोजून चालत नाही. मिरची ओळखावी लागते.

ब्याडगी मिरची कर्नाटकातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाते. ती लांब, गर्द लाल आणि सुरकुतलेली असते. रंग भरपूर, तिखटपणा कमी. काश्मिरी मिरचीही तशीच, रंगाची. संकेश्वरी मिरची लांब आणि बारीक. ती ब्याडगीपेक्षा तिखट असते. कोल्हापूरकडे मसाल्यात या दोन्ही एकत्र घालतात. एक रंगासाठी, दुसरी तिखटासाठी. आंध्रातली गुंटूर मिरची बाजारात खूप येते. तिची साल गुळगुळीत असते आणि ती चांगलीच तिखट असते. लवंगी तर बोटाच्या पेराएवढी, पण जाळ! हिरव्या मिरचीत भज्यांची मिरची जाड, फिकट आणि सौम्य. ढोबळी मिरचीत तर तिखटपणा जवळजवळ नसतोच. एकाच जातीतही फरक पडतो. ज्या झाडाला पाण्याची ओढ बसली, त्याची मिरची बहुधा जास्त तिखट निघते. म्हणून नवी मिरची आणली की आधी थोडी घालून पहावी.

आता मिरचीत तिखट असतं कुठे? पुष्कळ जण म्हणतात, बियांत. मीही शाळेत मुलांना तसेच सांगत असे. ते चुकीचे होते. एक हिरवी मिरची उभी चिरून पहा. आत एक पांढरी शीर दिसेल. बिया तिलाच चिकटलेल्या असतात. तिखट तयार होते ते या पांढऱ्या शिरेत. बियांना लागते ते तिच्याजवळ असतात म्हणून. या तिखट द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. नाव कठीण आहे, विसरलात तरी हरकत नाही. जागा मात्र विसरू नका.

म्हणजे ही शीर काढली की तिखटपणा पुष्कळ कमी होतो. मिरचीचा वास आणि रंग मात्र राहतो. सुकी मिरची असेल तर देठ काढा, मोडा आणि झटका. बिया गळून पडतात. शीर सुकून पिवळट झालेली असते, ती बोटाने ओढून काढा. मग मिरची गरम पाण्यात भिजवून वाटा. सुनेने पुढच्या आमटीला असेच केले. मिरच्याही आठाच्या दोन केल्या. नातवाने वाटी पुसून खाल्ली.

मिरची घालता कशी, यावरही बरेच आहे. अख्खी मिरची फोडणीत टाकली तर वास येतो, तिखट थोडेच उतरते. चिरून टाकली तर जास्त उतरते. ठेचून किंवा वाटून घातली तर सगळे उतरते.

हे तिखट पाण्यात नीट विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. हे एवढे कळले की पुष्कळ कोडी सुटतात. तिखट लागले की आपण घटाघटा पाणी पितो आणि तोंड भाजतच राहते. पाण्याने ते धुतले जात नाही. त्याऐवजी दूध प्यावे किंवा दही खावे. दुधातला एक अंश तिखटाला धरून नेतो. रश्श्यावर तेलाचा लाल थर येतो, त्याला कोणी कट म्हणतात, कोणी तर्री. रश्श्याचे बरेचसे तिखट त्या थरात असते. भाजी जाळ झाली तर आधी तो थर पळीने काढून वाटीत ठेवा. ज्याला हवा त्याने वरून घ्यावा. मग शेंगदाण्याचे कूट, शिजलेली डाळ किंवा नारळाचे दूध घाला. नुसते पाणी ओतले तर भाजी पांचट होते, आणि तिखट काही हटत नाही.

मिरची तिखट लागते म्हणजे काय होते, याचाही शोध लागला आहे. आपल्या अंगात चटका कळणाऱ्या नसा आहेत. कॅप्सेसिन त्याच नसांना चेतवते. म्हणून न भाजताच भाजल्यासारखे वाटते. हा शोध अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी लावला. त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीही मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज लोकांबरोबर ती आपल्याकडे आली. १३व्या शतकात, ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात, इथल्या स्वयंपाकात मिरची नव्हती. तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आले होते.

मिरच्या चिरल्यावर हातांची आग होते. तिथेही पाण्याचा उपयोग थोडाच. आधी गोडेतेल चोळावे, मग साबणाने हात धुवावेत. तोवर मूल उचलू नये आणि डोळ्याला बोट लावू नये. डोळ्यात गेलेच तर तेल बिल काही घालू नका. स्वच्छ गार पाण्याने डोळा बराच वेळ धुवा. आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जा.

तयार तिखट घेताना जपावे. मी एकदा आठवडी बाजारातून सुटे तिखट आणले होते. रंग असा, की पाहतच राहावे. घरी पेलाभर पाण्यावर चिमूटभर टाकले, तर लाल रेघा खाली उतरू लागल्या. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात उतरतो, पाण्यात असा उतरत नाही. तो घातलेला रंग होता. विटेची भुकटी असेल तर ती तळाला बसते. तेव्हापासून आम्ही अख्खी मिरची घेतो. कडक वाळलेली, देठासकट. बुरशी आलेली किंवा कुबट वासाची मिरची स्वस्त मिळाली तरी घेत नाही. ती वाळवून बरी होत नाही. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते.

यंदाच्या उन्हाळ्यात मसाल्याची मिरची आणायला सासूसुना दोघी मिळून गेल्या. तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी घेऊन आल्या. लवंगीची एक लहान पुडी वेगळी आणली, माझ्या ठेच्यासाठी.