टोनी बेन आणि वंशपरंपरागत उमरावपदाचा त्याग : एक अभ्यास

प्रस्तावना :
ब्रिटिश संसदेत कॉमन्स हे लोकनियुक्त, तर लॉर्ड्स हे दीर्घकाळ प्रामुख्याने वंशपरंपरागत उमरावांचे सभागृह राहिले. उमरावपद हा सामान्यतः विशेषाधिकार मानला जातो. परंतु लोकनियुक्त प्रतिनिधीस तेच अपात्रतेचे कारण ठरू शकते. टोनी बेन (1925-2014) यांच्या राजकीय जीवनाच्या आधारे प्रस्तुत लेखात या विसंगतीचे विवेचन केले आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी :
टोनी बेन यांचे वडील विल्यम वेजवुड बेन हे 1929 ते 1931 या काळात भारतमंत्री होते. 1942 मध्ये त्यांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट हे उमरावपद मिळाले. ज्येष्ठ पुत्र मायकेल यांचा 1944 मध्ये हवाई दलाच्या सेवेत मृत्यू झाल्याने वारसा टोनी यांच्याकडे आला. 1950 मध्ये ते ब्रिस्टॉल आग्नेय मतदारसंघातून मजूर पक्षाच्या वतीने कॉमन्सवर निवडून आले. वारसा आगाऊ नाकारण्याचा त्यांचा 1955 मधील प्रयत्न निष्फळ ठरला.

मतदार विरुद्ध वारसा :
नोव्हेंबर 1960 मध्ये वडिलांचे निधन होताच बेन आपोआप उमराव झाले व त्यांचे सदस्यत्व संपुष्टात आले. मे 1961 च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना पूर्वीपेक्षा मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून दिले. तथापि, अपात्र व्यक्तीस जाणीवपूर्वक दिलेली मते व्यर्थ होत, या तत्त्वावर निवडणूक न्यायालयाने पराभूत हुजूर पक्षीय उमेदवार माल्कम सेंट क्लेअर यांना विजयी घोषित केले. प्रतिनिधी निवडण्याचा मतदारांचा हक्क श्रेष्ठ की जन्माने लादलेला दर्जा, हा प्रश्न यातून ऐरणीवर आला.

1963 चा कायदा व त्याचे परिणाम :
31 जुलै 1963 रोजी संमत झालेल्या उमरावपदविषयक कायद्याने हयातीपुरता पदत्याग करण्याची मुभा दिली. बेन यांनी त्याच दिवशी पदत्याग केला. सेंट क्लेअर यांनी राजीनामा दिल्यावर ऑगस्टमध्ये ते कॉमन्समध्ये परतले. विशेष म्हणजे या कायद्याचा मोठा लाभ विरोधी पक्षालाच झाला. ऑक्टोबर 1963 मध्ये पंतप्रधान झालेल्या लॉर्ड होम यांनी याच तरतुदीनुसार पद सोडले. पोटनिवडणूक जिंकेपर्यंत काही दिवस ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते.

पुढील काळात बेन यांनी तंत्रज्ञान, उद्योग व ऊर्जा ही खाती सांभाळली. 1981 मध्ये पक्षाच्या उपनेतेपदाच्या निवडणुकीत डेनिस हीली यांच्याकडून ते एक टक्क्याहूनही कमी फरकाने पराभूत झाले. 2001 मध्ये ते कॉमन्समधून निवृत्त झाले.

निष्कर्ष :
बेन यांच्या लढ्याने व्यक्तीला वारशापासून मुक्ती मिळाली. वारशाची संस्था मात्र अबाधित राहिली. 1999 च्या कायद्याने 92 जागा वगळता वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्समधील अधिकार रद्द झाला, तर या उर्वरित जागाही संपवणारे विधेयक 2024 मध्ये मांडले गेले. त्याग हयातीपुरताच असल्याने 2014 मध्ये बेन यांच्या निधनानंतर उमरावपद ज्येष्ठ पुत्र स्टीफन यांच्याकडे गेले व 2021 मध्ये ते लॉर्ड्सचे सदस्य झाले. दुसरे पुत्र हिलरी हे मात्र मतदारांच्या कौलाने कॉमन्समध्ये पोहोचले. वैयक्तिक त्याग हा संस्थात्मक सुधारणेचा आरंभ ठरू शकतो, पर्याय नव्हे, हेच या उदाहरणावरून स्पष्ट होते.