भूमीच्या स्वाधीन करण्यापूर्वी

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलेला प्रवासी वळसंगला पोहोचतो तेव्हा, ज्या विहिरीच्या पाण्यासाठी 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः या गावी आले होते तिची हकिकत त्याला कोणी ना कोणी सांगतेच. आणि पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात विहिरीचे पाणी म्हणजे काय वस्तू आहे, हे त्या हकिकतीवाचूनही त्याच्या ध्यानी यावे. उन्हाळ्यात येथील काळी जमीन भेगाळते, खालच्या कातळालाही चिरा असतात. वर सांडलेले झिरपायला याहून मोकळी वाट कोणती?

म्हणूनच, ज्या चादरींनी सोलापूरचे नाव सर्वतोमुखी केले त्या रंगविणाऱ्या कारखान्यांतील सांडपाणी शुद्ध करताना तळाशी बसणारा गाळ कोठे जातो, हा प्रश्न एकट्या कारखानदाराचा राहत नाही. एके काळी असला माल खड्ड्यात लोटून वर माती ओढली की प्रकरण दप्तरदाखल होई. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरी, लव्ह कालव्यात सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरून ती जमीन 1953 साली एका डॉलरला शाळामंडळास देण्यात आली. पुढे तो कचरा लोकांच्या तळघरांतून वर आला, आणि 1984 साली, प्रक्रियेवाचून घातक कचरा पुरू नये, असा निर्बंध त्या देशाने घातला. आपल्याकडे 1989 पासून नियम आहेत. सध्याचे 2016 चे.

प्रक्रिया तशी गहन नाही. पाण्यात सहज विरघळणारे, कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम फेरस सल्फेटाने त्रिसंयुजी करतात आणि चुन्याच्या योगे ते तळाशी बसवितात. मग सिमेंट आणि फताटेवाडीच्या वीजकेंद्रातून निघते तसली राख कालवून गाळाचा दगड करतात. मात्र दगड झाला एवढ्यावर विश्वास ठेवीत नाहीत, आणि तेच योग्य: त्याचा चुरा सौम्य आम्लात अठरा तास घुसळून, त्यात उतरलेले धातू मर्यादेत भरले तरच पुरण्याची मुभा. रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी येथील खड्ड्यांना चिकणमाती व जाड प्लॅस्टिकचे अस्तर असते खरे. पण अस्तर कधी तरी फाटणारच, हे गृहीत धरूनच गाळाला आधी निरुपद्रवी करावयाचे, हे या साऱ्या खटाटोपाचे मर्म.

असा माल रीतसर निघाला तर त्याच्यासोबत सात प्रतींचा दाखला असतो. गावाच्या ओढ्याकाठी कोणी पिंपे उतरवू लागलाच, तर ग्रामस्थांनी आधी तो दाखला मागावा.