एकसष्ट म्हणजे किती?

इटलीतील इव्रेया या गावी २००५ साली जन्मास आलेला आर्डुइनो हा इलेक्ट्रॉनिक फलक आज आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतच नव्हे, तर शाळांच्या विज्ञानप्रदर्शनांतही सर्रास आढळतो. आणि त्याच्या ‘ऊनो’ या प्रकारास एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर जोडल्यावर पडद्यावर ६१ असा आकडा उमटला, की हे एकसष्ट अंश नव्हेत आणि व्होल्ट तर नव्हेतच, मग आहे तरी काय, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्यापुढे उभा राहतो.

हा निव्वळ पायऱ्यांचा हिशेब आहे. फलकावरील एटमेगा३२८पी या चिपमधला, विद्युतदाबाचा अंक करणारा रूपांतरक दहा बिटांचा असल्यामुळे शून्यापासून संदर्भदाबापर्यंतच्या पल्ल्याचे तो १०२४ समान भाग कल्पितो, आणि आलेला दाब त्या पल्ल्याच्या अर्ध्याहून अधिक की उणा, मग ज्या अर्ध्यात तो सापडला त्याच्याही अर्ध्याहून अधिक की उणा, अशी दहा वेळा तुलना करून ० ते १०२३ यांपैकी एक अंक रुजू करतो. त्या अंकास संदर्भदाबाने गुणून १०२४ ने भागले, की व्होल्ट हाती येतात. (१०२३ ने भागण्याचा प्रघातही बराच आहे, परंतु चिपच्या उत्पादकाचे सूत्र १०२४ चे आहे, आणि तफावत हजारात एकाची.) संदर्भ ५ व्होल्टांचा धरला, तर ६१ म्हणजे सुमारे ०.२९८ व्होल्ट, आणि एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देत असल्याने तापमान २९.८ अंश.

सारी मेख ‘धरला तर’ या दोन शब्दांत आहे. एरवी फलकाचा पुरवठा हाच संदर्भ असतो. संगणकाच्या यूएसबी तारेवर चालणाऱ्या फलकाचा हा पुरवठा ४.७५ व्होल्टांवर उतरलेला असला, तर त्याच ६१ चा अर्थ ०.२८३ व्होल्ट, म्हणजे २८.३ अंश असा होतो, आणि दीड अंशाची चूक बिनबोभाट दप्तरी दाखल होते. दशमान पद्धतीपूर्वी शेर प्रांतोप्रांती निरनिराळा असल्यामुळे ‘कुठला शेर?’ असे विचारणे जितके अगत्याचे होते, तितकेच ‘कुठला संदर्भ?’ हे विचारणे येथे अगत्याचे आहे. माझ्या मते मापनाच्या शिक्षणाचा आरंभच या प्रश्नापासून व्हावा. मात्र त्याच पुरवठ्यावर जोडलेल्या, दाब विभागणाऱ्या फिरत्या रोधाची केवळ स्थिती जाणून घ्यावयाची असली, तर पुरवठा हलला तरी संदर्भही त्याच प्रमाणात हलतो, आणि अंक जागचा ढळत नाही. एलएम३५ ला ही सवलत नाही.

त्यासाठी चिपमध्येच १.१ व्होल्टांच्या अंतर्गत संदर्भाची तजवीज आहे. तो मुक्रर केला, की एक पायरी ४.८८ ऐवजी १.०७ मिलिव्होल्टांची होऊन अंशाचा दहावा हिस्सा वाचता येतो, आणि ११० अंशांच्या आत पल्लाही अपुरा पडत नाही. हा संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. परंतु एका चिपपुरता तो बराच स्थिर राहत असल्याने चांगल्या मल्टिमीटरने ‘एरेफ’ पिनेवर एकदा मोजून ती किंमत प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावी.

गणिताचा क्रमही सांभाळावा लागतो. ऊनोवर साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नाही. ६१ ला ५००० मिलिव्होल्टांनी गुणले की ३,०५,००० होतात, म्हणून तेथे ‘लाँग’ प्रकारच्या संख्येची योजना करावी. आणि त्या भयाने ५००० ला १०२४ ने आधीच भागले, तर ४.८८ ऐवजी नुसते ४ हाती येऊन ६१ चे २९८ नव्हे, २४४ मिलिव्होल्ट होतात.