गाडी घ्यावी पारखून, वापरावी राखून



गळीत हंगाम निम्मा सरला, उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली, की गावाकडून मला जोगेश्वरीला फोन सुरू होतात. "तात्या, बिल आलंय. तिकडं मुंबईत एखादी जुनी गाडी बघा की." दर वर्षी एकेकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावे, म्हणून आपल्या पत्रिकेत हे चार शब्द लिहीत आहे.

मी मूळचा आपल्याच कार्यक्षेत्रातला. वडील कारखान्याचे सभासद होते. त्यांच्यामागे शेअर माझ्या नावावर आला, ऊस धाकटा भाऊ बघतो. 1974 साली मी जोगेश्वरीत एस. व्ही. रोडलगतच्या एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. पाना हातात धरला तो धरलाच. मोटारीचे वेड म्हणाल तर ते आजही गेलेले नाही. घरची मंडळी म्हणतात, "यांना माणसाची नाडी कळत नाही, पण इंजिनाची कळते." म्हणून आधीच सांगतो, यातली काही मते माझी स्वतःची आहेत. पटली तर घ्या.

फियाटच्या शाळेत

माझे शिक्षण झाले ते फियाटवर. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला मोटारीचा कारखाना उभा राहिला. इंदापूर तालुक्यात माळरानावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा केला तेच हे गृहस्थ. म्हणजे मोटार आणि साखर यांचे नाते तसे जुनेच आहे. पुढे फियाटचीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. प्लग साफ करा, पॉइंट घासा, कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारा, गाडी पुन्हा चालू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या वर्षानुवर्षे अशाच चालल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

पण आठवणींवर गाडी चालत नाही. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या, आता तर सगळा कारभार सेन्सर आणि वायरिंगचा. आज फुंकर मारून काम भागत नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाही खरी होती आणि आताही आहे. गाडी बिघडण्याआधी सांगते, ऐकणारा पाहिजे.

लागण की खोडवा?

जुनी गाडी म्हणजे खोडवा. भांडवल कमी लागते, पण मुळात लागण चांगली असेल तरच खोडवा साधतो. हुमणी लागलेल्या फडाचा खोडवा कोण ठेवील? आणि खोडव्यालाही खत-पाणी चुकत नाही. म्हणून माझा हिशेब असा आहे. तुमच्यापाशी शंभर रुपये असतील तर ऐंशीची गाडी बघा, वीस पहिल्या वर्षाच्या टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि विम्याला बाजूला ठेवा. सगळे शंभर गाडीत घालणारा माणूस सहा महिन्यांनी सोसायटीच्या दारात उभा दिसतो.

दुसरे असे, की गाडी ही काही दुभती म्हैस नव्हे. दारात उभी राहिली तरी खातेच. महिन्यातून दोनदा तालुक्याला जाणाऱ्याने भाड्याची गाडी करावी, त्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये.

अण्णांची गाडी

आता जे सांगतो ते सांगताना आजही मान खाली जाते. 26 जुलै 2005 चा पाऊस सगळ्यांना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे ओशिवरा नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. रस्त्याकडेच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या, काही तर एकावर एक चढल्या. पुढे कित्येक महिने गॅरेजात तेच काम होते.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उसाचे बिल घेऊन मुंबईला आले. एका विक्रेत्याकडे पांढरी, चकचकीत गाडी त्यांना पसंत पडली. मला बोलावले. मी कामाच्या घाईत होतो. बॉनेट उघडले, इंजिनाचा आवाज ऐकला, एक चक्कर मारली आणि म्हणालो, "अण्णा, घ्या. गाडी ठणठणीत आहे." सीटचा पट्टा ओढून बघितला नाही, खालचा गालिचा उचलला नाही. दहा मिनिटांचे काम, तेवढे मी केले नाही.

पावसाळा लागला तशी गाडी नखरे करू लागली. कधी दिवे जात, कधी चालता चालता बंद पडे. ऑगस्टमधल्या एका रात्री अण्णांच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिला घेऊन दवाखान्याकडे निघाले आणि निम्म्या वाटेत गाडी बंद. दिवे नाहीत, हॉर्न नाही, वरून पाऊस. अण्णा गावाकडे उलटे पळत गेले, ओळखीच्या एकाला उठवले. त्याने ट्रॅक्टर काढला, दोर बांधून टोचन करून गाडी दवाखान्याच्या दारापर्यंत नेली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, ही देवाची कृपा.

पुढे मी गावी जाऊन ती गाडी खोलली. गालिच्याखाली वाळलेला गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज. गाडी बुडालेली होती. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "जाऊ दे. तू बघितलीस म्हणून मी घेतली हुती, एवढंच." रागावले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून कोणाचीही गाडी बघायची असली तर मी अर्धा दिवस मोकळा ठेवतो.

पारख कशी करावी

गाडी दिवसा, कोरड्या जागी आणि थंड इंजिनावर बघावी. विक्रेत्याने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर समजावे, सकाळी उठायला कुरकुरते.

सीटचे चारही पट्टे शेवटपर्यंत ओढावेत. चिखलाची रेघ असली तर पट्ट्याच्या शेवटाला सापडते, कारण तिथपर्यंत धुणारा पोहोचत नाही. स्टेपनी काढून तिच्या खालची जागा बघावी. सीटच्या बोल्टांना गंज, हेडलाइटच्या आत गढूळ डाग आणि दारे-काचा लावल्यावर येणारा कुबट वास, या तिन्ही पुराच्या खुणा. विक्रेत्याने फार अत्तर मारले असेल तर जास्तच हुंगावे! 2019 साली कृष्णा-पंचगंगेच्या पुरातही पुष्कळ गाड्या बुडाल्या, तेव्हा हे फक्त मुंबईच्या गाडीपुरते नाही.

ऑईलची कांडी काढून बघा. ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी शिरते आहे, ती गाडी सोडा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल पिते. टायरच्या बाजूला कारखान्याची तारीख चार आकड्यांत असते. 2319 लिहिले असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सात-आठ वर्षांच्या रबराचा भरवसा धरू नये. किलोमीटरचा आकडा कमी दिसतो आणि क्लच-ब्रेकचे पेडल मात्र घासून गुळगुळीत झालेले, असे असेल तर पेडल खरे बोलते.

सातबारा तसे आरसी बुक

जमीन घेताना आपण सातबारावरचा बोजा बघतो. गाडीच्या आरसी बुकावरही तसाच बोजा असतो. बँकेचे किंवा फायनान्सचे नाव असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुरते पैसे देऊ नका. चासी आणि इंजिनाचा नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. नुसत्या सह्या घेऊन कागद कपाटात ठेवण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. हे विकणाऱ्यालाही महागात पडते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून तोच जबाबदार. म्हणजे गाडी दुसऱ्याच्या दारात आणि नोटीस तुमच्या दारात! विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. तसेच खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती यासाठीच.

ऑफ सीझनचे ओव्हरहॉलिंग

आपला कारखाना हंगाम संपल्यावर काय करतो? मिल उघडतो, रोलर काढतो, बॉयलरच्या नळ्या साफ करतो. बंद पडला म्हणून नव्हे, बंद पडू नये म्हणून. गाडीलाही हाच नियम.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसून भोके बुजतात, तेच रेडिएटरच्या नळ्यांत होते आणि इंजिन तापते. कूलंटच घालावे. गरम गाडीचे झाकण उघडू नये, या घाईत भाजलेले हात मी पुष्कळ बघितले आहेत. ऑईल आणि ऑईल फिल्टर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदला. ब्रेकचे ऑईल हवेतली ओल धरते, ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे त्याचा पट्टा मुदतीआधी बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि हजारांचे काम लाखाच्या घरात जाते.

आपल्या भागातल्या दोन खास गोष्टी. तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ फार, म्हणून एअर फिल्टर जरा लवकर झाडावा, लवकर बदलावा. आणि फड मोकळा झाला की उंदीर आसरा शोधतात. त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते आणि ते वायरी कुरतडतात. उभी गाडी आठवड्यातून एकदा तरी चार-सहा किलोमीटर फिरवावी, रात्री बॉनेट उघडे ठेवून वर दिवा टांगला तरी उंदीर कमी येतात.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकला, टोचन करा, पण स्टार्टर मारू नका.

टाकीत आपलाच ऊस

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायला 2023 साली टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आणि 2025 पर्यंत ते देशभर पोचले. हे इथेनॉल मक्यापासून, तांदळापासूनही होते, पण उसाचा रस आणि मळी यांचा त्यात मोठा वाटा. गावोगावचे लोक मला विचारतात, "तात्या, यानं गाडी खराब होती का?" सभासद म्हणून उत्तर वेगळे आणि मेकॅनिक म्हणून वेगळे, असे मी करणार नाही.

इथेनॉलचे ऑक्टेन जास्त, हा गुण. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने 2021 साली अंदाज दिला होता, की जुन्या धाटणीच्या चारचाकीत ही घट 6 ते 7 टक्के आणि 20 टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या गाडीत 1 ते 2 टक्के राहील. म्हणजे लिटरला पंधरा देणारी जुनी गाडी चौदा देईल. हे लपवण्यात अर्थ नाही.

नव्या गाडीच्या मालकाने कंपनीचे पुस्तक वाचून निर्धास्त राहावे. जुन्या गाडीचे मात्र पेट्रोलचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि गॅस्केट तपासावेत. माझ्या पद्मिनीच्या पंपाचा पडदा फुगून कडक झाला होता. इथेनॉल सोसणारा बसवला, तेव्हापासून तक्रार नाही. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवते, म्हणून सुरुवातीला पेट्रोल फिल्टर बदलावा. ते ओलही ओढते. पावसाळ्यात निम्मी रिकामी टाकी ठेवून गाडी दोन-दोन महिने उभी करू नये, नाहीतर पाणी तळाला बसते.

शेवटी एक विनंती

या हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. ज्याच्या ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्टी नाही, त्याने आजच लावून घ्यावी. मागून येणाऱ्या गाडीत आपलेच कोणीतरी असते.

अण्णांच्या घरी आता दुसरी गाडी आहे. मी दोन दिवस घालवून बघून दिली. त्या पावसाळी रात्री जन्मलेली नात आता ती चालवते. परवा गावी गेलो तर तिने मला बोलावले, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून दाखवला आणि म्हणाली, "बघा तात्या, साफ आहे का?" अण्णा ओट्यावर बसून हसत होते. मी पट्टा नीट बघितला आणि मगच मान हलवली.