वाटाड्या यंत्राला काय कळते?

अमरावतीहून रिद्धपूरला मोटारीने निघालेला माणूस आता वाटेत सहसा कोणाला रस्ता विचारत नाही. समोरचा लहानसा पडदा 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' असे सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघते. यावर विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतात. उपग्रहाला आपली गाडी दिसते कशी? आणि इतक्या उंचीवरून त्याला रस्ता कळतो कसा? दोन्हींचे उत्तर एकच आहे. उपग्रहाला गाडी दिसत नाही आणि रस्ताही कळत नाही.

जीपीएसचा उपग्रह आकाशवाणी केंद्रासारखा असतो. तो फक्त बोलतो; गाडीतले यंत्र फक्त ऐकते. 'मी अमुक उपग्रह, या क्षणी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत' एवढाच संदेश तो अखंड पाठवीत राहतो. असे सुमारे तीस अमेरिकी उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून वीज किती दूर पडली हे आपण सांगतो. इथेही तेच चालते, मात्र रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश ०.०६७ सेकंदात पोहोचतो. एका उपग्रहाचे अंतर कळले, की आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत एवढे ठरते. दुसरा गोल पहिल्याला वर्तुळात छेदतो, तिसरा त्या वर्तुळाला दोन बिंदूंत. त्यांपैकी एक बिंदू अंतराळात असल्याने बाद होतो. म्हणजे तीन उपग्रह पुरेत असे वाटते.

खरी मेख पुढेच आहे. उपग्रहात अणुघड्याळ असते, पण गाडीतल्या यंत्रात साधे क्वार्ट्झचे. ते सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकले तरी अंतरात ३०० किलोमीटरची चूक होते. रिद्धपूरपासून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत साधारण एवढेच दूर आहे! प्रत्येक गाडीत अणुघड्याळ बसवणे परवडणारे नाही. मग युक्ती अशी, की घड्याळाची चूक हेच चौथे अज्ञात मानायचे आणि चौथ्या उपग्रहाकडून चौथे समीकरण घ्यायचे. चार अज्ञाते, चार समीकरणे. दहावीला दोन चलांची समीकरणे शिकवताना 'हे कुठे उपयोगी पडते?' असे कोणी विचारले, तर याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

आइनस्टाइनचा सापेक्षतावादही इथे रोज कामाला येतो. कमी गुरुत्वाकर्षणामुळे उपग्रहावरचे घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, तर वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल.

मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर सर्वसामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान शंभरेक मीटर इकडे-तिकडे होई. ते बंद झाल्यावर मोकळ्या मैदानात साधे यंत्रही पाचेक मीटरपर्यंत अचूक ठरू लागले. दुसऱ्याच्या घड्याळावर किती विसंबायचे, या विचारातूनच भारताने २०१३ पासून स्वतःचे 'नाविक' उपग्रह सोडायला सुरुवात केली. २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशी बनावटीचे अणुघड्याळ आहे.

निसर्गाची अडचण वऱ्हाडात थोडी जास्तच आहे. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरात या लहरींना उशीर होतो. चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाजवळ, वर उचलले गेलेले आयन आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांवरून घसरत उत्तरेकडे येतात आणि गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर त्यांची गर्दी होते. आपण त्या पट्ट्याला लागूनच आहोत. दुपारी हा उशीर सर्वाधिक असतो. दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे संदेश ऐकणारे यंत्र त्यांच्या उशिरांतील फरकावरून चूक काढून टाकते. एकच वारंवारता ऐकणाऱ्याला अंदाजी दुरुस्तीवर भागवावे लागते. चिखलदऱ्याच्या घाटात डोंगर काही उपग्रहांना झाकतो हे वेगळेच. तिथे 'नेटवर्क नाही म्हणून जीपीएस बंद पडले' असे लोक म्हणतात, पण ते बरोबर नाही. स्थान उपग्रहांकडूनच मिळते आणि मिळत राहते. येत नाही तो नकाशा. तो आधी उतरवून घेतला असेल तर काम चालते.

आणि नकाशा हाच या यंत्राचा खरा कच्चा दुवा आहे. पाच-दहा मीटरच्या चुकीने सहसा कोणी वाट चुकत नाही. यंत्राच्या दृष्टीने रस्ते म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेवर 'इतकी मिनिटे' असा आकडा असतो आणि सर्वांत कमी बेरजेचा मार्ग यंत्र निवडते. आता रेषेच्या जागी पांदण रस्ता आहे असे समजा. मार्चमध्ये तिथून मोटार जाईल. जुलैमध्ये काळ्या मातीत चाके रुतून बसतील. रेषा दोन्ही वेळा तीच. शहरात रस्ता तुंबला हे यंत्राला इतर गाड्यांतल्या मोबाइलच्या संथ हालचालीवरून कळते. पांदणीवर दिवसभरात दोन बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर जाणार, तर यंत्राला कळवणार कोण?

याची किंमत जिवाने मोजावी लागली आहे. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात कोतूळजवळ यंत्राने दाखवलेल्या वाटेने रात्री निघालेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले. दोन्ही ठिकाणी स्थान सांगण्यात चूक नव्हती. गाडी पुलाच्या रेषेवरच होती. पूल वापरण्याजोगा नव्हता.

नावांचा घोटाळा त्याहून सौम्य, पण रोजचा. कोतूळ आहे अकोले तालुक्यात, आपल्या अकोल्यात नव्हे. आपल्याच जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटर दूर आहेत; नुसते 'चांदूर' सांगून निघणाऱ्याने आधी पडदा नीट पाहावा. रिद्धपूरला तर ऋद्धिपूर, रितपूर अशीही नावे आहेत. माणसाला तिन्ही एकच वाटतात, यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची इथे आठवण होते. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या जागा तिच्यात गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळापासून कोणीकडे, दार कुठल्या तोंडाचे अशा खुणांनी नोंदल्या आहेत. अक्षांश-रेखांश नाहीत, पण त्या जागी काय आहे ते आहे. वाटाड्या यंत्रापाशी नेमके उलटे असते.

शाळेत एक प्रयोग सहज करता येईल. मोबाइलवर स्थानाचे आकडे दशांश अंशांत दिसतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून पाचवा दशांश साधारण एक मीटर दाखवतो. ध्वजस्तंभापाशी फोन जमिनीवर ठेवून दर मिनिटाला एक असे वीस आकडे टिपावेत, ते आलेख कागदावर मांडावेत आणि ठिपके किती मीटरांत विखुरतात ते पाहावे. मग हेच भिंतीला लागून आणि झाडाखाली करावे. दुसऱ्या दिवशी मुलांनी गावातल्या पांदणी, ओढ्यावरचे साकव आणि पुरात बुडणारे पूल यांचे आकडे टिपून आणावेत, शेजारी लोकांच्या तोंडचे नाव आणि 'पावसाळ्यात बंद' अशी नोंद करावी. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशावर ती कोणालाही भरता येते.