चवथीच्या मखरासाठी आवाजावर नाचणारे दिवे

चवथ जवळ आली की पेडणे-डिचोलीच्या घराघरांत मखराची तयारी सुरू होते. दिव्यांच्या तयार माळा बाजारातून येतात आणि विसर्जनानंतर बंद पडल्या की कचऱ्यात जातात. त्याऐवजी घरातल्या मुलांनी स्वतःच एक छोटा अँप्लिफायर आणि आवाजावर लुकलुकणारे दिवे तयार केले तर? आठवी-नववीच्या मुलांना मोठ्यांच्या सोबतीने दोन सुट्ट्यांत जमेल असे हे काम आहे. खर्चही माटोळीच्या सामानाहून कमीच.

अँप्लिफायर करतो काय?

मोबाइलमधून येणारा विजेचा संकेत फार दुबळा असतो. अँप्लिफायर त्यात स्वतःची शक्ती घालत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर संकेत म्हणजे धनादेश आणि बॅटरी म्हणजे तिजोरी. कागद हलका असतो, पण त्यावर लिहिल्याप्रमाणे रक्कम तिजोरीतून बाहेर येते. खात्यातली शिल्लक संपली की आवाज फाटतो.

साहित्य

- एलएम३८६ आयसी, ब्रेडबोर्ड, ८ ओहमचा छोटा स्पीकर
- १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल
- कपॅसिटर: २२० व १०० मायक्रोफॅरड, शिवाय ०.०४७ मायक्रोफॅरड
- रेझिस्टर: १० ओहम एक, ३३० ओहम एक, १ किलोओहम तीन
- बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४१४८ डायोड, तीन लाल एलईडी
- सहा पेन्सिल सेल (९ व्होल्ट) आणि मोबाइलची ऑडिओ पिन

आवाजाची जोडणी

आयसीची खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय १. तिथून खाली ४ पर्यंत, मग उजवीकडे खालून वर ५ ते ८.

पाय २ आणि ४ बॅटरीच्या ऋण टोकाला, ६ धन टोकाला जोडा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६ आणि ऋण यांच्यामध्ये, आयसीच्या अगदी जवळ बसवा. धन बाजू ६ कडे. मोबाइलच्या डाव्या-उजव्या तारा प्रत्येकी १ किलोओहममधून एकत्र करून व्हॉल्यूम कंट्रोलच्या एका टोकाला द्या. त्याचे दुसरे टोक आणि मोबाइलच्या पिनेची तिसरी तार ऋणाला, मधले टोक पाय ३ ला.

पाय ५ वरून २२० मायक्रोफॅरडमधून (धन बाजू आयसीकडे) स्पीकरला, आणि स्पीकरचे दुसरे टोक ऋणाला. पाय ५ ते ऋण यांच्यामध्ये १० ओहम आणि ०.०४७ एकापुढे एक जोडा. त्याने शिट्टीसारखा आवाज टळतो. १, ७ आणि ८ मोकळे ठेवा. संकेत २० पट होतो, तेवढे मोबाइलला पुष्कळ आहे.

दिव्यांची जोडणी

बॅटरीच्या धन टोकापासून ३३० ओहम, मग तीन लाल एलईडी एकापुढे एक, आणि शेवटी ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. एमिटर ऋणाला. स्पीकरच्या बाजूने १ किलोओहममधून बेसला तार द्या. बेस आणि ऋण यांच्यामध्ये डायोड, काळी पट्टी बेसकडे. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

ही तार कपॅसिटरच्या पुढूनच घ्यायची. पाय ५ वर गाणे नसतानाही सुमारे साडेचार व्होल्ट असतात, त्यामुळे तिथून घेतल्यास दिवे कायम पेटलेले राहतील. कपॅसिटर ही स्थिर वीज अडवतो आणि फक्त आवाजाची लहर पुढे सोडतो. लहर ०.६ व्होल्टच्या आसपास चढली की दिवे पेटतात. म्हणून अगदी हळू आवाजात ते शांत राहतात.

पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला प्रत्येकी सुमारे ३ व्होल्ट लागतात. तशा तीन लावल्या तर दिसणारही नाहीत, दोनच लावा.

घुमट आरतीचे रेकॉर्डिंग लावून पाहा. छोट्या स्पीकरमध्ये घुमटाचा खर्ज नीट ऐकू येत नाही, पण लहरीत तो असतो आणि दिवे त्याची थाप दाखवतात.

खबरदारी

२३० व्होल्टच्या माळा थेट या सर्किटला कधीही जोडू नयेत. चवथ भर पावसात येते. माटोळीची ओली फळे-पाने, दमट भिंती आणि भोवती खेळणारी लहान मुले, अशा ठिकाणी ९ व्होल्टच बरे. समईपासून तारा दूर ठेवाव्यात.

या अँप्लिफायरचा आवाज एका खोलीपुरता, जेमतेम अर्ध्या वॅटचा आहे. शेजारी आजारी माणूस असला तरी त्याला त्रास होणार नाही. आरतीच्या वेळी मात्र तो बंद करावा. घुमट, शामेळ आणि घरच्यांचे गळे यांना अँप्लिफायर लागत नाही.