लहान लेखाचे कथानक

हकीकत खरी असते, आकडे बिनचूक असतात, भाषाही शुद्ध असते. तरी वाचक दुसऱ्या परिच्छेदावरच लेख मिटून ठेवतो. अशा वेळी आम्ही लिहिणारे वाचकाला दोष देऊन मोकळे होतो. वस्तुतः चूक बहुधा मांडणीची असते. ‘कथानक’ म्हटले की आपणांस कादंबरी आठवते. परंतु कथानक म्हणजे कल्पित नव्हे. काय आधी सांगावे, काय राखून ठेवावे आणि एका गोष्टीतून दुसरी कशी निघाली, याचा विचार म्हणजे कथानक.

कीर्तनकारांना हे पूर्वापार ठाऊक आहे. उत्तररंगातले आख्यान ऐन रंगात आले की बुवा थांबतात आणि पद म्हणतात. श्रोता उठत नाही. पुढे काय झाले हे त्याला ऐकायचे असते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’ला लिहिलेली प्रस्तावना पत्ररूप आहे. पत्रात समोर माणूस असतो, त्याच्या शंका असतात. म्हणून विवेचनालाही गती येते.

आता लातूरचे उदाहरण घेऊ. ‘पाऊस कमी झाला, मांजरा धरण आटले, म्हणून रेल्वेने पाणी आणावे लागले,’ असे लिहिले तर सारे पहिल्याच वाक्यात संपते. त्याऐवजी १२ एप्रिल २०१६ च्या पहाटेपासून आरंभ करावा. मिरजेहून तीनशेंहून अधिक किलोमीटर चालून एक गाडी लातुरात येते. डब्यांत उतारू नाहीत. दहा टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी आहे. मांजरेच्या शहराला कृष्णेचे पाणी का प्यावे लागले? हा प्रश्न मनात रुजला की पावसाची तूट, आटलेले धरण, उसाची तहान हे सारे वाचक स्वतः होऊन ऐकतो.

मग कलाटणी द्यावी. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर होती. म्हणजे त्या पहिल्या गाडीने माणशी दीड लिटरही पाणी आणले नव्हते!

येथेच लेखकाची कसोटी लागते. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. एकेकीत सुमारे २५ लाख लिटर पाणी होते. हे दडविले तर कलाटणी ठसठशीत होईल, पण लेख खोटा ठरेल. ते सांगूनही हिशेब माणशी साडेसहा लिटरांवर, म्हणजे अर्ध्या बादलीच्या आसपासच थांबतो. खरी हकीकत पुरेशी बोलकी असते.

कादंबरीकार घटना घडवू शकतो. आम्हांला ती मुभा नाही. आमच्या हाती केवळ क्रम आहे, आणि तीनशे शब्दांच्या लेखाला तेवढा पुरतो.